आतली बातमी, बाहेरचा तोटा

आमचे राळेगाव कापसाच्या मुलखातले. उद्या भाव पडणार हे आतून कळलेल्या व्यापाऱ्याने आजच आपला साठा दुसऱ्याच्या गळ्यात मारला, तर त्याला आम्ही हुशार नव्हे, लबाड म्हणतो.

शेअर बाजारातही न्याय तोच. मुंबईची गीतांजली जेम्स ही चोक्सी घराण्याची हिऱ्यांची कंपनी. 'नक्षत्र' आणि 'गिली' हे दागिने तिचेच. २००६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. मालकीत लोक वाटेकरी झाले, बातमी मात्र घरातच राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला आणि शेअर कोसळला. सेबीचा ठपका असा, की मेहुल चोक्सी यांनी आतली गोष्ट एका भागधारकाला आधीच कळवली. त्याने आपले सगळे ५.७५ टक्के शेअर डिसेंबर २०१७ मध्येच विकले. अशा व्यवहारांना रोखणारे सेबीचे नियम १९९२ पासून आहेत. जानेवारी २०२२ मध्ये चोक्सींना दीड कोटींचा दंड झाला. तो न भरल्याने मे २०२५ मध्ये व्याजासह वसुलीची नोटीस निघाली.

दंड वसूल झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. डिसेंबरात ते शेअर विश्वासाने घेणाऱ्याच्या पदरात त्यातले काहीच पडत नाही.