लोखंडी आकडे

चेकच्या तळाचे ते वेडेवाकडे आकडे 1950च्या दशकात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने बँक ऑफ अमेरिकेसाठी घडवले. यंत्राला वाचता यावेत म्हणून शाईत चक्क लोहकण! 1980च्या दशकात ते मुंबईत आले, पुढे आमच्या कचेरीत डिव्हिडंडच्या चेकांवरही. खोक्यावर ‘सहा हजार पानं’ लिहिलेलं टोनर चार हजारांतच आटोपलं. मी शिपायाकडे संशयाने पाहू लागलो. मग मेकॅनिकने सांगितलं, ‘‘तो हिशेब पानाचा शेकडा पाच भाग काळा धरून करतात.’’ आमच्या चेकवर तर बोधचिन्ह, महिरप, दोन ठसठशीत सह्या! शिवाय दर खेपेला चाचणीच्या प्रती. शिपायाला चहा पाजला. तो म्हणाला, ‘‘साहेब, खोक्यावरचं तेवढं खरं, अन् माणूस खोटा, होय?’’