मेथीच्या कडूपणाचा माग

थंडी पडली की पिंपळगाव बसवंतच्या घरांतून मेथीच्या लाडवांचा वास येऊ लागतो. मेथीचं पीठ आधी तुपात मुरवायचं, म्हणजे कडूपणा उतरतो. मग खारीक, डिंक, गूळ. हे गाव टोमॅटोच्या आणि कांद्याच्या लिलावाचं, द्राक्षांच्या बागांचं. मेथीला इथे कुणी मोठं पीक म्हणत नाही. पण त्या दाण्याच्या कडूपणाचा माग काढत गेलं, की वाट थेट आतड्यात शिरते, आणि तिथे गाठ पडते पित्ताशी.

आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते बहुधा जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, आणि त्यातली पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासूनच घडवतं. तेलतूप पचवून झालं की लहान आतड्याचा शेवटचा भाग त्यांतली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषतो आणि रक्तावाटे यकृताकडे परत धाडतो. तीच पित्ताम्लं दिवसातून अनेकदा फिरतात. ही परतीची वाट अडवली, तर यकृताला नवी घडवावी लागतात. त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

ही वाट नुसती झिरपण्याची नाही, आतडं जोर लावून पित्ताम्लं आत खेचतं, हे लॅक आणि वाइनर यांनी १९६१मध्ये प्राण्यांच्या आतड्यांवर दाखवलं. खेचणारं प्रथिन ओळखायला मात्र १९९४ उजाडलं. पॉल डॉसन आणि सहकाऱ्यांनी ते हॅमस्टरच्या आतड्यातून शोधलं.

मधल्या काळात मेथी प्रयोगशाळेत पोहोचली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले आर. डी. शर्मा यांनी १९८०च्या दशकात उंदरांना मेथीदाणे खाऊ घातले, कोलेस्टेरॉल उतरलं. का उतरलं, याचा एक धागा १९९३मध्ये इस्राएलच्या स्टार्क आणि मादार यांच्या हाती लागला. उंदराच्या आतड्याचे तुकडे पिशवी उलटी करावी तसे उलटे करून त्यांनी मेथीचा मद्यार्कातला अर्क लावला. अर्क वाढवत नेला तसं पित्ताम्लांचं शोषण घटत गेलं. त्या अर्कात सॅपोनिनं होती, दाण्याच्या कडूपणात ज्यांचा वाटा आहे तीच. जो कडूपणा तुपात मुरवून आपण लपवतो, त्यातच काम करणारं काही दडलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून लाडवांवर विसंबून कुणी कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, तर मात्र जीव धास्तावतो. आतड्याच्या तुकड्यांना लावला तो अर्क होता. लाडवात तूपही असतं आणि गूळही.

मेथी काही माणसांच्या लाडवांपुरतीच नाही. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ आहे ग्रीक गवत, म्हणजे मुळात ती जनावरांच्या चाऱ्यातली. आपल्याकडे बाळंतिणीला जी मेथी, तीच व्यालेल्या गाईम्हशीला गुळाबरोबर देतात. दाणा शिजवून कोमट करायचा आणि गोठ्यात टोपलं ठेवायचं.