भाजलेला श्वास

भाजणे, पोळणे, करपणे, होरपळणे अशी एक शब्दमालिका आपल्या भाषेत आहे आणि गुदमरणे, घुसमटणे, जीव कोंडणे अशी दुसरी. पहिली त्वचेची, दुसरी श्वासाची, आणि आगीत सापडलेल्या एकाच मनुष्याच्या वाट्याला एकाच वेळी या दोन्ही यातना येतात, ही साधी वाटणारी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या नीट पदरी पडावयास विसाव्या शतकाची चार दशके उलटावी लागली. तोवर अंगावरचे फोड पाहावयाचे, त्यांवर टॅनिक आम्लाचा लेप द्यावयाचा, आणि रोगी दगावला तर तो भाजण्यानेच दगावला अशी नोंद करून कागद मिटावयाचा, अशीच बहुतेक इस्पितळांची वहिवाट होती.

धुराविषयी काहीच ठाऊक नव्हते असे मात्र नाही; ते ज्ञान निराळ्या दप्तरात पडून राहिले होते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील तांबड्या द्रव्याला चिकटून प्राणवायूची जागा बळकावतो, हे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार याने १८५७ च्या सुमारासच दाखविले होते. १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट झाला, तेव्हा हाल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेहांच्या कातडीवरील गुलाबी झाक पाहून असा निष्कर्ष काढला, की यातील बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, स्फोटामागून पसरलेल्या विषारी हवेने घेतला. परंतु खाणीतले हे शहाणपण भाजलेल्या रोग्यांच्या खोलीपर्यंत पोहोचले नाही. शल्यवैद्य जखमेकडे पाहत राहिले.

ही दोन दप्तरे एकत्र आली ती बॉस्टन शहरी. दि. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी रात्री सव्वादहाच्या सुमारास ‘कोकोनट ग्रोव्ह’ नावाच्या नृत्यगृहाच्या तळघरात, एका कृत्रिम ताडाच्या झाडापाशी, ज्वाळा दिसली आणि छताला ताणलेल्या कापडावरून काही मिनिटांत ती इमारतभर धावली. ४६० माणसांची परवानगी असलेल्या त्या जागेत सुमारे हजार माणसे दाटली होती; पुढचे फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकून पडले, बाजूच्या काही दारांना कुलपे होती, आणि अखेरीस मृतांचा आकडा ४९२ वर गेला. त्यांतील कित्येकांच्या अंगावर भाजल्याची फारशी खूण नव्हती.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्या रात्री ११४ जणांना आणले गेले. त्यांतील ७५ जण पोहोचण्यापूर्वीच किंवा पोहोचताच गेलेले होते, आणि उरलेल्या ३९ जणांसाठी एका मजल्यावर बंदोबस्त करण्यात आला. तेथील शल्यवैद्य ऑलिव्हर कोप यांनी टॅनिक आम्लाचा लेप बाजूस सारून मलमाची साधी मऊ पट्टी बांधण्याची तजवीज आधीच ठरविली होती, त्यामुळे डॉक्टरांचे हात त्वचेच्या कामातून लवकर मोकळे झाले आणि लक्ष श्वासाकडे वळले. ऑब, पिटमन आणि ब्रूज या तेथल्याच तिघा डॉक्टरांनी जे पाहिले, टिपले, ते आजही वाचताना अंगावर काटा येतो: आरंभी काही तास रोगी बऱ्यापैकी शांत; मग आवाज घोगरा होऊ लागतो, थुंकीत काजळी दिसते, श्वास आत घेताना घशात करवतीसारखा आवाज येतो, स्वरयंत्र सुजून वाट बुजत जाते; आणि त्यातून जो तगतो त्याच्या खोकल्याबरोबर पुढे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचे पापुद्रे बाहेर पडतात. वाट बुजण्यापूर्वी गळ्याला छेद देऊन श्वास मोकळा करावा लागे. शाट्झ्की यांच्या क्ष-किरणचित्रांत फुप्फुसाचे काही भाग हवेवाचून मिटलेले दिसत होते. त्या ३९ जणांपैकी सात जण गेले, आणि त्यांचा घात श्वसनमार्गाच्या इजेने केला.

त्या दुर्घटनेच्या आठवणी सांगताना पेनिसिलिनचे नाव हटकून निघते. युद्धकाळात दुर्मिळ असलेले ते औषध तातडीने आणविले गेले हे खरेच, पण मात्रा अल्प होती. माझ्या मते त्याहून थोर काम लेखणीने केले. सात महिन्यांच्या आत, जून १९४३ मध्ये, या डॉक्टरांनी उपचारांची सगळी कैफियत, आपल्या हातून गेलेल्या रोग्यांच्या तपशिलासह, शल्यशास्त्राच्या नियतकालिकात छापून टाकली. अपयश इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे लिहून ठेवणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पुढे १९४५ मध्ये मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की कोरडी तप्त हवा वरच्या वाटेतच निवते, आणि वाफ मात्र आपली उष्णता फुप्फुसांपर्यंत घेऊन जाते. म्हणजे खालच्या नलिकांची हानी बहुतांशी उष्णतेने नव्हे, धुरातील रसायनांनी होते. ती हानी प्रत्यक्ष पाहावयाची सोय मात्र तेव्हा जवळजवळ नव्हती. किलियन यांनी १८९७ मध्ये फ्रायबुर्ग येथे ताठ नळी घालून श्वासनलिकेत अडकलेले हाड काढले होते, पण सुजलेल्या गळ्यात तशी नळी घालणे हे जोखमीचे काम. जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात काचतंतूंची लवचिक दुर्बीण सिद्ध केली, आणि १९७५ पर्यंत सॅन अँटोनियो येथील लष्करी संशोधनसंस्थेतले डॉक्टर तिच्यातून भाजलेल्या सैनिकांच्या श्वासनलिकांवरची काजळी, लाली आणि व्रण डोळ्यांनी पाहू लागले.

नलिकांची हानी अशी दिसू लागली, पण रक्तात शिरलेला कार्बन मोनॉक्साइड दुर्बिणीला दिसत नाही. करोनाच्या साथीने घरोघर पोहोचविलेला बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटरही येथे फसवतो, कारण प्राणवायू धरलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइडने बळकावलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. आकडा ९८ दाखवतो आणि रोगी आतून गुदमरत असतो. म्हणून रक्त तपासावे लागते आणि निकालाची वाट न पाहता शुद्ध प्राणवायू सुरू करावा लागतो. साध्या हवेत जो वायू अर्धा उतरावयास चार-पाच तास लागतात, तो अशाने तासा-दीड तासात उतरतो.

बंद खोलीतल्या आगीतून कोणी आला, की जाणता डॉक्टर आधी नाकातले केस करपले आहेत का ते पाहतो, तोंड उघडावयास लावून जिभेमागची काजळी शोधतो, आणि मग रोग्याला त्याचे नाव विचारतो. नाव त्याला कागदावरून ठाऊक असते. तो आवाज ऐकत असतो. आणि आवाज जड झालेला वाटला, तर रोगी ‘मी ठीक आहे’ म्हणत असतानाच तो नळी मागवतो.