दुभाषी नगरीचा शब्दव्यवहार

दोन भाषा जाणणाऱ्या मनुष्याच्या मनांत शब्दांची व्यवस्था कशी असते, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ मानसशास्त्राचा दिसतो. परंतु ज्या नगरींत तो पिढ्यान् पिढ्या बाजारांत आणि कचेरींत सोडविला गेला, तिच्या इतिहासाकडे पाहिल्यावांचून त्याचें मर्म कळावयाचें नाहीं, असें आम्हांस वाटतें. अशी नगरी म्हणजे छत्रपति संभाजीनगर, पूर्वीचें औरंगाबाद.

मलिक अंबरानें सन १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, म्हणजे सन १६५३ च्या पुढें, औरंगाबाद झाली; सध्यांचें नांव तिला सन २०२३ मध्यें मिळालें. पण दोन भाषांचा शेजार या नगरीहूनहि जुना आहे. जवळच्या पैठणास एकनाथांनीं सोळाव्या शतकांत हिंदु-तुर्क संवाद रचला, तो दोन्ही बोली ज्यांच्या कानांस परिचित होत्या अशा श्रोत्यांसाठींच. पुढें वली आणि सिराज हे उर्दू कवि तर 'औरंगाबादी' म्हणूनच ओळखले जाऊं लागले. निजामाच्या राज्यांत सन १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू ही सरकारी भाषा झाली, आणि सन १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन वरिष्ठ शिक्षणहि उर्दूंतून सुरू झालें. मराठी शाळेंत शिकलेला 'त्रिकोण' तेथें 'मुसल्लस' झाला. आकृति तीच, नांवें दोन.

अशा विद्यार्थ्याच्या मनांत काय घडत असेल? जुनी समजूत अशी कीं, तेथें दोन निराळीं कोठारें असून एकाचें दार उघडलें म्हणजे दुसऱ्यास कुलूप लागतें. अलीकडील प्रयोगांनीं ही समजूत फारशी टिकूं दिलेली नाहीं. डाइकस्ट्रा व व्हान ह्यूव्हन या संशोधकांनीं सन १९९८ मध्यें मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें, अक्षरें डोळ्यांपुढें येतांच त्यांच्याशीं जुळणारे दोन्ही भाषांतील शब्द एकदमच जागे होतात; त्यांच्यांत चढाओढ होते आणि एकाचा जय होतो. रूप व अर्थ दोन्ही भाषांत एकच असले, तर ओळख लवकर पटते. रूप सारखें आणि अर्थ निराळा असला, तर मन अडखळतें. मात्र ही अडखळ सेकंदाच्या अल्पशा अंशाची असल्यामुळें ती आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

मराठी आणि उर्दू यांच्यांत असे फसवे जुळे शब्द विपुल आहेत. 'तालीम' म्हणतांच मराठी मनुष्यापुढें आखाडा उभा राहतो, उर्दू जाणणाऱ्यापुढें शिक्षण. आमची 'हरकत' म्हणजे आक्षेप, त्यांची म्हणजे हालचाल. 'शिकस्त' आम्ही प्रयत्नांची करतों. उर्दूंत तो पराभव आहे. उर्दूंतील 'फाजिल' हा विद्वान्, तर मराठींत कोणास फाजील म्हटलें तर भांडणच व्हावयाचें! तथापि हीं दोन माणसें शेजारीं राहून रोजचा व्यवहार करीत आलीं. कारण बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता, हें पाहून मन योग्य तो अर्थ निवडतें.

या मिश्रणास भाषेचा भ्रष्टाकार म्हणावें काय? शिवछत्रपतींनीं रघुनाथपंत हणमंते यांजकडून राजव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. सन १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं पेशव्याचा मुख्य प्रधान, सरनौबताचा सेनापति आणि मुजुमदाराचा अमात्य झाला. राज्याच्या स्वत्वासाठीं तें उचितच होतें. परंतु पुढचा इतिहास बोलका आहे. 'सेनापति' रूढ झाला. 'पेशवा' मात्र हटला नाहीं, इतकेंच नव्हे तर एका युगास त्यानें आपलें नांव दिलें. 'मुजुमदार' आडनांवांत राहिला. कोणता शब्द जगेल, हें त्याच्या कुळावरून ठरलें नाहीं. जो जिभेवर राहिला तो टिकला.

मनाचा नियमहि असाच आहे. वारंवार वापरलेला शब्द लवकर जागा होतो, न वापरलेला मागें पडतो. क्रोल व स्ट्यूअर्ट यांनीं सन १९९४ मध्यें दाखविलें कीं, नवशिका परभाषेच्या शब्दाचा अर्थ प्रथम मातृभाषेच्या शब्दावाटे गांठतो. अभ्यास वाढला म्हणजे ती वाट थेट होते. इंग्रजी शाळेंत जाणाऱ्या आमच्या मुलांस इंग्रजी शब्द आल्याचें भय आम्ही बाळगीत नाहीं. घरांत मराठी शब्दांचा वापर थांबला, तर हीच वाट उलटी होऊन 'त्रिकोण' समजण्यास त्यांना इंग्रजीचा आधार लागेल, हें मात्र भय आहे. त्यावर उपाय शब्दांच्या हद्दपारींत नसून नित्य बोलण्यांत, वाचण्यांत व लिहिण्यांत आहे.

लिहिण्यावाचण्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. सन १९४८ मध्यें निजामी राज्य संपलें. उर्दू कानास परिचित राहिली, पण तिची लिपि बहुतेक मराठी घरांतून गेली, आणि मोडीहि गेली. सन २०२३ मध्यें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामकालीन मोडी व उर्दू कागद वाचणारे जाणकार शोधावे लागले. जे कागद पणजोबा सहज वाचीत, त्यांत आपलें नांव आहे कीं नाहीं, हें पणतवास दुसऱ्यास विचारावें लागलें.