खुराडे

खुराडे : पाळीव कोंबड्यांना रात्रीच्या वस्तीसाठी, तसेच ऊन, पाऊस व भक्षकांपासून संरक्षण मिळावे म्हणून बांधलेला निवारा. पिल्लांसह कोंबडी झाकून ठेवण्याचे बांबूचे डालगे हे तात्पुरते साधन होय. खुराडे कायमचे असल्याने ते स्थानिक हवामान पाहूनच बांधावे लागते.

मूलतत्त्वे : कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते आणि जादा उष्णता ती चोच उघडून धापा टाकत व पंख अंगापासून दूर धरून बाहेर टाकते. प्रौढ कोंबडीला साधारण १८° ते २४° से. तापमान मानवते. ते ३५° से.च्या वर गेले की खाणे घटते, अंडी कमी होतात व त्यांचे कवच पातळ पडते. कोरडी थंडी ती पिसे फुगवून सोसते. कोंदट ओल मात्र तिला बाधते. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटून डोळे चुरचुरतात, श्वसनमार्ग बिघडतो आणि रक्ती हगवणीचे परजीवी फोफावतात. म्हणून महाराष्ट्रात खेळती हवा व कोरडी जमीन यांना खुराड्याच्या बांधणीत पहिले स्थान आहे.

बांधणी : जागा उंचवट्यावरची, पाण्याचा निचरा होणारी असावी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत कमी येते. लांब बाजूंना ३० ते ४५ सेंमी. उंचीची भिंत घालून वर जाळी बसवतात. मुंगूस, रानमांजर व साप यांच्यासाठी जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. रुंद भोकांची जाळी कोंबडी आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही.

प्रदेशानुसार बदल : कोकणात पावसाचे मान २,५०० मिमी.च्या पुढे असते. तेथे जांभ्याचा चौथरा किंवा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचे तळ, उतरते कौलारू छप्पर आणि निदान तीन फूट पुढे आलेली पागोळी आवश्यक ठरते. वाऱ्याच्या बाजूला गुंडाळता येणारा पडदा लावावा. तो वरून थोडा उघडा राहिला तरच आतली वाफ बाहेर पडते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५° से.वर जातो. नुसता पत्रा तेथे घातक असून त्यावर गवत वा पऱ्हाट्यांचा थर द्यावा, बाहेरून चुना फासावा व दुपारी गोणपाटाचे पडदे भिजवावेत. पश्चिमेला कडुनिंबासारखे सावलीचे झाड असल्यास उत्तम. निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात रात्री वाऱ्याची बाजू झाकणे पुरते. पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यात सुमारे ३५° से. ऊब लागते.

जागा व आतील सोय : बंदिस्त पाळायच्या अंड्यावरच्या कोंबडीला दोन चौ. फूट जागा धरतात. म्हणजे वीस कोंबड्यांना पाच फूट रुंद व आठ फूट लांब खुराडे लागते. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीस १५ ते २० सेंमी. आणि पाच कोंबड्यांमागे ३० सेंमी. लांबी-रुंदीचे एक अंड्याचे खोके पुरते. जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा भुईमुगाच्या टरफलांची १० ते १५ सेंमी. जाड गादी करतात.

देखभाल : गादी वारंवार खालीवर करावी, ओली झालेली तेवढी काढून टाकावी. मुठीत दाबल्यावर तिचा गोळा झाला, तर ती जास्त ओली समजावी. गोचिडी दिवसा फटीत लपून रात्री रक्त शोषतात. त्यासाठी फटी लिंपून भिंतींना चुना देतात. जुनी गादी कुजवल्यास नत्रयुक्त खत मिळते. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाचा बंदोबस्त मात्र चांगल्या खुराड्याने होत नाही. त्यासाठी लसीकरणच करावे लागते.