तंबाखूचा तोतया

बहाव्याला इंग्रजांनी नाव दिले ‘इंडियन लॅबर्नम’. त्यात त्यांचे फारसे चुकले नव्हते. मायदेशी वसंत सरता सरता बागांमधून पिवळ्या फुलांचे असेच घोस लोंबताना त्यांनी पाहिले होते. इथल्या रणरणत्या उन्हात फुललेला बहावा पाहून त्यांना घरचे झाड आठवले. दोघेही शिंबी कुळातले, म्हणजे नाते होतेच. पण घराण्यातली खरी गोम फुलात नसते, शेंगेत असते. बहाव्याच्या हातभर शेंगेतला गर आपल्याकडे रेचक म्हणून वापरतात. लॅबर्नमची शेंग मटारसारखी दिसते. खेळता खेळता ती सोलून खाल्लेली मुले ओकाऱ्यांनी बेजार होऊन दवाखान्यात येत. त्या झाडाच्या अंगोपांगी विष आहे आणि बियांत ते भरपूर आहे.

त्या विषाचे नाव सायटिसीन. या झाडाला पूर्वी शास्त्रीय नाव होते ‘सायटिसस लॅबर्नम’. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला वेगळ्या घरात नेले, पण विषाच्या नावात जुने घर राहून गेले. १८६५ साली हुसेमान आणि मार्मे यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. निकोटीन त्याआधीच, १८२८ मध्ये, हायडेलबर्गला तंबाखूतून बाहेर काढले गेले होते. या दोघांचा एकमेकांशी संबंध असावा असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. तंबाखू वांगी-मिरचीच्या कुळातली, लॅबर्नम घेवडा-वाटाण्याच्या.

१९१२ मध्ये हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ या ब्रिटिश संशोधकांनी सायटिसीनचा जनावरांच्या शरीरावर काय परिणाम होतो ते तपासले. परिणाम जवळजवळ हुबेहूब निकोटीनचा निघाला. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्याच्या राजकारणात खळबळ उडवून गेला, तसा हा तंबाखूचा तोतया. त्या वेळी मात्र या शोधाची नोंद शास्त्रीय नियतकालिकात झाली आणि तिथेच राहिली. धूम्रपान सोडवायला औषध लागेल, हा विचार तेव्हा दूर होता.

तोतयाचा पहिला उपयोग तर उलटाच झाला. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेनाशी झाली तेव्हा रशियन सैनिक लॅबर्नमची पाने ओढत, असे सांगतात. तलफ भागवण्यासाठी जे पान ओढले, त्यातच तलफ मोडण्याची युक्ती होती. ती ओळखली बल्गेरियाने. तिथल्या सोफार्मा कंपनीने १९६४ मध्ये ‘टॅबेक्स’ नावाने सायटिसीनची गोळी बाजारात आणली. गोळीत औषध फक्त दीड मिलिग्रॅम. पोलंड, पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ अशी ती पसरली. पोलादी पडद्यापलीकडे मात्र तिचे नाव फारसे कुणाच्या कानावर गेले नाही.

ती काम कशी करते, हे नंतर उलगडले. मेंदूत निकोटीनच्या बसण्याच्या जागा असतात. निकोटीन तिथे बसले की डोपामिन सुटते आणि झुरक्याचे सुख मिळते. सायटिसीनही त्याच जागेवर बसते, पण निकोटीनइतका जोर त्याच्यात नाही. थोडे डोपामिन सुटते, म्हणून तलफ अंगावर येत नाही; आणि जागा अडलेली असल्यामुळे त्यावर सिगारेट ओढली तरी हवी तशी मजा येत नाही. साम्य पुरते असते तर ती दुसरी तंबाखूच झाली असती. नसतेच, तर निकोटीनची जागा अडलीच नसती. औषध आहे ते या अर्ध्या साम्यात.

नुसत्या नावारूपाच्या साम्याने भागत नाही, याचा दाखला आपल्या सह्याद्रीत आहे. पुरुषभर उंच वाढणाऱ्या धवलला लोक रानतंबाखू म्हणतात. तिची पाने इतकी तंबाखूसारखी की शास्त्रीय नावही पडले ‘लोबेलिया निकोटियानिफोलिया’. तिच्यात लोबेलीन असते. अमेरिकेतल्या तिच्या बहिणीला तर इंडियन टोबॅको असेच नाव मिळाले. तिथे विसाव्या शतकात लोबेलीनच्या गोळ्या तंबाखू सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. शेवटी गुण सिद्ध होत नाही म्हणून १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांची विक्री थांबवली.

पश्चिमेत सायटिसीनच्या आधी पोचली ती त्याची लेक. फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी सायटिसीनचा सांगाडा समोर ठेवून नवा रेणू घडवला, व्हॅरेनिक्लिन. २००६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लेकीचे पेटंट होते, म्हणून तिचा थाट झाला. आई जुनी, झाडावरची आणि स्वस्त. तिच्यासाठी महागड्या चाचण्यांचा खर्च कोण करणार?

तो अखेर सार्वजनिक पैशातून झाला. २०११ मध्ये वॉर्सातल्या ७४० जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले ते सायटिसीन घेणाऱ्यांत ८.४ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के. आकडे लहान आहेत, पण तंबाखू सोडण्याचे काम किती कठीण आहे हे त्यातून कळते. २०१४ मध्ये न्यूझीलंडमधल्या १३१० जणांच्या चाचणीत सायटिसीनने निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमला मागे टाकले. पुढे बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या क्षयरुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र समुपदेशनाच्या जोडीला सायटिसीन देऊन वेगळा फायदा दिसला नाही. म्हणजे गोळी एकटी किल्ला सर करत नाही. डेल आणि लेडलॉ यांच्या ब्रिटनमध्ये ती दाखल झाली जानेवारी २०२४ मध्ये, त्यांच्या निबंधानंतर ११२ वर्षांनी.

तिची जुनी पद्धत मात्र बल्गेरियाने आखली तशीच बराच काळ टिकली. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक, दिवसाला सहा. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद. मग दिवसाला पाच, चार, तीन, आणि शेवटी एक-दोन. आधी तोतयाने खऱ्याची जागा अडवायची, मग आपलाही मुक्काम हळूहळू आवरता घ्यायचा. पंचविसाव्या दिवशी गोळ्या संपतात आणि तोतयाही गादीवरून उठतो. गादी त्यानंतर रिकामी ठेवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.