बाहुलीतले अस्सल आणि नक्कल

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली, की हुबळी-धारवाडच्या पेठांतून साखरेच्या पांढऱ्या-गुलाबी बाहुल्या दिसू लागतात. या पौर्णिमेला इकडे ‘गौरी हुण्णिमे’ म्हणतात आणि या बाहुल्यांना ‘सक्करे गोंबे’. लाकडाच्या दोन फळ्यांत कोरलेला साचा घट्ट बांधावयाचा, त्यात साखरेचा कढत पाक ओतावयाचा, आणि निवल्यावर साचा उकलावयाचा, एवढीच ही कृती. हत्ती, घोडा, मोर, शिवपार्वती अशी नाना रूपे त्यातून बाहेर पडतात. मुली तबकात ती मांडून गौरीची आरती करतात. लग्न ठरलेल्या मुलीला सासरकडून ही साखर आणि नवे लुगडे पाठविण्याची चाल आहे. येथे अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, असा प्रश्न कोणालाही पडत नाही. साच्यातून निघालेला शंभरावा घोडा पहिल्याइतकाच खरा असतो.

पण बाहुली जेव्हा एखाद्या हयात, नामवंत व्यक्तीचे रूप घेते, किंवा जुन्या बाहुलीचीच प्रतिकृती म्हणून पुन्हा घडविली जाते, तेव्हा मात्र हा प्रश्न सुटता सुटत नाही. अशा बाहुल्यांचा संग्रह करणारे रसिक आज जगभर आहेत. त्यांचा छंद पोरकट म्हणून हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही, कारण त्याला चांगला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

या छंदाची सर्वांत प्रसिद्ध आद्य उपासक इंग्लंडची राजकन्या व्हिक्टोरिया होय. १८३१ च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी, एकाकी राजवाड्यात वाढणाऱ्या या मुलीने आपली शिक्षिका बॅरोनेस लेहझेन हिच्या साहाय्याने लहानलहान लाकडी बाहुल्या सजविल्या. त्यांची संख्या १३२ होती. त्यांपैकी ३२ बाहुल्यांचे कपडे राजकन्येने स्वतः शिवले. यांतील कित्येक बाहुल्या म्हणजे तिने रंगभूमीवर पाहिलेल्या गायिका आणि नर्तकी होत्या. नाटक संपले, पडदा पडला, तरी त्या नटीचा पोशाख हाताच्या बोटांएवढ्या बाहुलीवर जिवंत राहावा, ही त्यामागची ओढ. पुढे अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या बाईने सुईदोऱ्याने केलेली ही कलावंतांची पूजाच म्हणावयाची.

त्याआधी युरोपात बाहुलीचा उपयोग निराळा होता. पॅरिसमधील शिंपी नव्या तऱ्हेचा पोशाख बाहुलीवर चढवून ती परदेशच्या दरबारांत पाठवीत. पुढे छापील चित्रे आली आणि ही पद्धत मागे पडली. अठराव्या शतकात नेपल्स शहरी नाताळच्या गोठ्यातील मूर्तींनाही त्या काळचेच रेशमी कपडे घालीत. आज त्या मूर्ती पाहणारास दोनशे वर्षांपूर्वीच्या नेपल्सचा बाजार कसा नटत असे, हे कळून येते. धर्माच्या निमित्ताने वेशभूषेचा इतिहास असा आपोआप जपला गेला.

विसाव्या शतकात हा व्यवहार कारखान्यांच्या हाती गेला. शर्ली टेंपल ही सहा वर्षांची बालनटी अमेरिकेच्या पडद्यावर गाजू लागताच १९३४ मध्ये आयडियल नावाच्या कंपनीने तिची बाहुली काढली. ठिपक्यांचा झगा, कुरळे केस, गालावर खळ्या. इतर कारखानदारांनी लगोलग तोतया शर्ली बाजारात आणल्या, आणि संग्राहकांना अस्सल-नक्कल ओळखण्याची विद्या तेव्हापासून शिकावी लागली. त्या बाहुलीचे अंग लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याचे होते. हवा बदलली की वरच्या रंगाला बारीक तडे जात.

हा लगदा हुबळीच्या पूर्वेस, कोप्पळजवळच्या किन्नाळ गावी कोणाला नवा वाटणार नाही. तेथील चित्रगार कुटुंबे हलक्या लाकडाच्या बाहुल्या करीत आली आहेत. तागाच्या चिंध्या भिजवून, बारीक करून, वाळवून त्यांची भुकटी चिंचोक्यांच्या खळीत कालवितात. त्याला ‘किट्टा’ म्हणतात. लाकडाचे तुकडे जोडून झाले, की त्यांवर किट्टा हाताने लिंपावयाचा, वर कापसाचे तुकडे चिकटवावयाचे, त्यावर गारेच्या पिठाचा लेप द्यावयाचा आणि मग रंग. मूर्तीचे दागिने त्याच पिठात डिंक घालून उठावाने काढतात. सिंहासनावरचा गणपती घडविण्यास बावीस भाग जोडावे लागतात, गरुडास बारा. पूर्वी निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या बाहुल्यांना तेथे मोठी मागणी होती. न्यूयॉर्कच्या कारखान्यास जे भुशासरसाने साधले, तेच या गावी चिंधी आणि चिंचोका यांनी साधले होते.

पुढे १९५९ च्या ९ मार्च रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी अवतरली. किंमत तीन डॉलर. रूथ हँडलर या बाईंनी ती मॅटेल कंपनीतर्फे काढली खरी, पण तिचा नमुना होती लिली नावाची जर्मन बाहुली. आणि ही लिली मुळात एका जर्मन वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालेची नायिका. म्हणजे जगातील सर्वांत नावाजलेली ‘अस्सल’ बाहुलीसुद्धा नकलेतूनच जन्मली! १९६७ मध्ये ट्विगी या इंग्रज मॉडेलची बाहुली त्याच कंपनीने काढली; तिचे शरीर आधीच्याच एका बाहुलीच्या साच्यातले होते. १९९४ मध्ये पस्तीस वर्षे पुरी झाली म्हणून कंपनीने पहिल्या बार्बीची प्रतिकृतीच विक्रीस काढली. जिला मूळ बाहुली परवडत नाही, तिने ही घ्यावी. जाणकार मात्र तळपाय पाहतात. अगदी पहिल्या बाहुल्यांच्या पायांना उभे करण्यासाठी छिद्रे होती आणि त्यांत तांब्याच्या नळ्या बसविलेल्या होत्या.

हिंदुस्थानातील नटनट्याही या मांडणीत आल्या. २००६ मध्ये लंडनला शाहरुख खान प्रभृतींच्या बाहुल्या निघाल्या. २००९ मध्ये कतरिना कैफ हिच्या रूपाची बार्बी आली. यांत आदर किती आणि व्यापार किती, हे ठरविणे कठीण. २०१८ मध्ये तर फ्रीडा कालो या दिवंगत मेक्सिकन चित्रकर्त्रीची बाहुली निघाली, तेव्हा तिच्या नातलगांनी हरकत घेतली. जुळलेल्या भुवया हा तिच्या चेहऱ्याचा अभिमान, त्याच पुसट केलेल्या. अपघाताने मोडलेले शरीर बाहुलीच्या ठरीव सडपातळ साच्यात बसविलेले. मेक्सिकोच्या न्यायालयाने तिची तेथील विक्री रोखली. सन्मान करावयाचा तर ज्या खुणांमुळे ती व्यक्ती ती आहे त्या राखाव्यात, ही नातलगांची मागणी काही अवाजवी नव्हती.

हुबळी-धारवाडच्या परिसराने रंगभूमीला काय दिले ते सर्वश्रुत आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. सुभद्रेच्या भूमिकेत गाजलेले सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. आणि किर्लोस्कर मंडळीतून पुढे आलेल्या बालगंधर्वांनी १९१३ मध्ये स्वतःची मंडळी काढली, तेव्हा त्यांचे लुगडे नेसण्याची ढब, अंबाड्यातला गजरा, नथ आणि शालू यांचे अनुकरण घरोघरच्या सुशिक्षित स्त्रिया करू लागल्या. राजकन्येने नटीचा वेष बाहुलीला दिला. मराठी स्त्रियांनी तो स्वतःच धारण केला. त्यात गंमत अशी, की ज्याची नक्कल त्या करीत होत्या तो पुरुष, आणि तो नक्कल करीत होता ती त्यांचीच.

संग्राहकाच्या दृष्टीने बाहुलीवर नवा रंग चढविणे म्हणजे तिचे मोल बुडविणे. मूळ रंग, मूळ दोरा, मूळ डबा यांसाठी तो जीव टाकतो. उलट, धारवाडच्या खेड्यांतील द्यामव्वेची लाकडी मूर्ती यात्रेपूर्वी पुन्हा रंगविली जाते. जुना रंग काढावयाचा, डोळे नव्याने लिहावयाचे. भक्तांच्या लेखी देवीचे अस्सलपण त्याने उणावत नाही. या दोन दृष्टींपैकी एकच खरी मानावयाची, तर किन्नाळच्या कारागिराने काय करावे? जुन्याची हुबेहूब प्रत काढावी, की नवी बाहुली घडवावी? २०१२ मध्ये त्याच्या कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला खरा, पण त्याने गावाचे नाव राखले जाते. कोणती बाहुली करावी, हे ग्राहकच ठरवितो.

गौरी हुण्णिमे उलटली, की साखरेची बाहुली मुलांच्या तोंडी विरघळून जाते. लाकडी साचे धुऊनपुसून पुढच्या कार्तिकासाठी ठेवले जातात.